‘मी’ म्हटल्याची शिक्षा

मी बोलतोय. मी. कोणाला हरकत असेल त्याने पुढे यावं. या एका शब्दापायी मला शिक्षा झालेली आहे आणि ती अजून संपलेली नाही. त्यामुळे हा शब्द मी आता हात सैल सोडून वापरतो. मी, मी, मी.

मी एक ओंडका आहे. पाइनचा. अमेरिकेत, दक्षिण जॉर्जियातल्या वाळूत वाढलेला. शाळा मी पाहिली नाही. माझ्या भावकीतले काही जण शाळेचे बाक झाले, पण तेही काही शिकले नाहीत. त्यांच्या अंगावर पोरांनी नावं कोरली एवढंच. तेव्हा माझ्याकडून गोड भाषेची अपेक्षा ठेवू नका. लाकूड आहे, लाकडासारखं बोलणार.

जन्म कधीचा ते ठाऊक नाही. आतली वर्तुळं मोजून कळतं म्हणे. पण स्वतःचं बूड स्वतःला दिसतं का? एवढं आठवतं की ऐन उमेदीत होतो तेव्हा राळ काढायला माणसं आली. पायात साखळ्या. सरकारने कैदी भाड्याने दिले होते राळवाल्याला, बैल द्यावेत तसे. त्यातल्या एकाने माझी साल सोलून तिरके घाव घातले आणि खाली भांडं टांगलं. घाव घालताना तो पुटपुटायचा, “सांभाळून घे बाबा, तुझं-माझं काही वैर नाही.” तो व्रण अजून माझ्या अंगावर आहे. पुढे ते भाड्याने देणं बंद झालं. वाईट चाल होती, असं सगळे म्हणायला लागले. मी म्हटलं, चला, माणसं शहाणी झाली. झाडाची अक्कल ती!

मग एका वादळात मी आडवा झालो. रस्ते खात्याच्या लोकांनी करवत लावली आणि मला त्यांच्या आवारात नेऊन टाकलं, फुटक्या नळांच्या आणि वाकलेल्या पाट्यांच्या शेजारी. किती पाऊस खाल्ले, पण सडलो नाही. अंगात राळ मुरलेली असली की लाकूड सडत नाही. पेटतं मात्र लगेच. माझा स्वभावही तसाच आहे.

तिथेच पडून राहिलो असतो तर बरं झालं असतं. पण राज्यातले तुरुंग भरले. एवढे भरले की माणसं जमिनीवर झोपायला लागली. मग राजधानीतल्या शहाण्यांनी डोकी एकत्र केली. चोऱ्यामाऱ्या करणाऱ्या तरण्या पोरांना चार वर्षं तुरुंगात कशाला पोसायचं? तीन महिने लष्करासारखं पिळा, डोक्याचा गोटा करा, पहाटे उठवा, कानात ओरडा, की झाला सरळ माणूस! खर्च कमी आणि बातम्यांत दिसायलाही झकास. पोर तीन महिने टिकलं तर घरी. नाही टिकलं तर चार वर्षं आहेतच. आणि कोणीतरी म्हणालं, लष्करात ओंडके उचलतात. झालं! एक ट्रक आला आणि मला घेऊन गेला.

शिबिराचा कवायत मास्तर होता हॉलिस बूर. छाती पुढे, टोपी भुवयांवर, आवाज असा की कावळे उडावेत. लोकांना वाटायचं, केवढी युद्धं पाहून आलाय! मी सांगतो ना, हा लष्करात कधी गेलाच नव्हता. पायाचे तळवे सपाट म्हणून भरतीवाल्यांनी दारातून परत पाठवला होता. त्यानंतर बरीच वर्षं शाळेची बस चालवली. ओरडायची सवय तिथली. एकदा तोच माझ्यावर टेकून दुसऱ्या मास्तरला म्हणत होता, “पोरं तीच रे. तेव्हा फक्त डबा घेऊन यायची.”

पोरांना माणसाळवायला माझी नेमणूक झाली. त्यासाठी आधी मला माणूस केलं. पांढऱ्या रंगाने पोटावर कैद्याचा नंबर घातला आणि नाव ठेवलं वुड्स. वुड म्हणजे लाकूड, आणि वुड्स आडनावाची माणसं त्या मुलखात पैशाला पासरी. विनोद झाला आणि नावही झालं. बूरने आठ जणांच्या तुकडीपुढे मला आणून ठेवलं आणि ओरडला, “हा कैदी वुड्स! तुमचा भाऊ! याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही! याच्यावर बसायचं नाही! रविवारी याला अंघोळ घालायची! हा जमिनीला टेकला तर तुम्ही सगळे मेलात!”

आणि खरंच माझी अंघोळ व्हायची. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्याची होत नसेल इतक्या निगुतीने. साबण लावून. एक पोरगा व्रणापाशी हात हळू फिरवायचा. सकाळी हजेरीलाही मी असायचो. “कैदी वुड्स!” अशी हाक आली की माझ्या डोक्याकडचा जो पोरगा असेल त्याने माझ्या वतीने ओरडायचं, “सर, हा कैदी हजर आहे, सर!” म्हणजे वुड्सचं तोंड तो. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुम्ही विचाराल, ‘हा कैदी’ का? ‘मी’ का नाही? तीच तर मेख आहे. त्या शिबिरात ‘मी’ म्हणायला बंदी होती. मी, माझं, मला, काही नाही. भूक लागली तर “सर, या कैद्याला भूक लागली आहे, सर!” परसाकडेला जायचं असेल तरी तेच. फाटकावर मोठ्या अक्षरांत पाटीच होती: इथे ‘मी’ नाही. जो म्हणेल तो पहिल्या दिवसापासून. म्हणजे त्याचे तीन महिने परत सुरू. प्रमुख होते प्रुइट साहेब. ते पाहुण्यांना सांगायचे, “मी-मी करूनच ही पोरं बिघडली. तो मी एकदा मोडला की माणूस घडवायला मोकळा.” असं ते सांगत तेव्हा ‘माझं शिबिर’, ‘माझी कल्पना’, ‘मी राज्यपालांना म्हणालो’ हे किती वेळा म्हणत ते मोजायला तुकडीतल्या पोरांची बोटं पुरली नसती.

माझ्या डोक्याकडे असायचा टेरल गॅडिस. उंच म्हणून त्याला पुढे ठेवला होता. त्याच्या कानाची पाळी माझ्या सालीला घासायची, म्हणून त्याची गोष्ट मला सगळ्यात जास्त कळली.

टेरलने देऊळ लुटलं होतं म्हटलं तरी चालेल. ऐन ऑगस्टात, आपल्याच गावच्या चर्चमागचं हवा गार करायचं यंत्र उपटलं, त्यातलं तांबं काढलं आणि भंगारवाल्याला विकलं. पुढच्या रविवारी आत भट्टी झाली. लोक मयतवाल्या दुकानाने फुकट वाटलेल्या पुठ्ठ्याच्या पंख्यांनी वारा घेत बसले, आणि तिसऱ्या भजनाला एक म्हातारी कोसळली. ती म्हातारी टेरलची आजी, मिस अर्नेस्टीन; आमच्याकडे म्हाताऱ्या बाईलाही मानाने मिसच म्हणतात. त्याला लहानाचा मोठा तिनेच केला होता.

ती वाचली. टेरल पकडला गेला. कोर्टात त्याने तोंड उघडलंच नाही. वकील उभा राहिला आणि म्हणाला, “माझ्या अशिलाला पश्चात्ताप झाला आहे.” आजी मागच्या बाकावरून ओरडली, “अशिलाला झाला, टेरलला कधी होणार?” तिला गप्प बसवलं.

मग तो शिबिरात आला. पहिल्या भेटीच्या रविवारी मिस अर्नेस्टीन आली. डोक्यावर चर्चला घालायची जांभळी हॅट, हातात फडक्यात बांधलेली बिस्किटं आणि उसाच्या काकवीची बाटली. खाणं फाटकावरच काढून घेतलं. माझी नुकतीच अंघोळ झालेली, मी उन्हात वाळत पडलेला. भेट माझ्यासमोरच झाली. बूर बाजूला उभा.

“कसा आहेस रे?”

“मॅडम, हा कैदी बरा आहे, मॅडम!”

“मॅडम? कोण मॅडम? मी तुझी आजी.”

टेरलने बूरकडे पाहिलं. बूरने भुवई उचलली.

“मला एकच ऐकायचंय,” आजी म्हणाली. “ते यंत्र कोणी काढलं? वकिलाच्या तोंडून नको, पोलिसाच्या नको. तुझ्या.”

“मॅडम, या कैद्याने काढलं, मॅडम. या कैद्याला फार वाईट वाटतं.”

आजी उठली. हॅट नीट केली. “मी कुठला कैदी वाढवला नाही. मी टेरलला वाढवलं. तो आला की सांग त्याला, आजी येऊन गेली.” आणि बूरला म्हणाली, “आणि तू रे! शाळेच्या बसवर होतास ना? माझ्या नातवाला एकदा पावसात मागे सोडून गेला होतास. मी विसरले नाही.”

बूरचा चेहरा असा झाला, की मला हसायला येत असतं तर माझी साल उडाली असती. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

त्यानंतर टेरल मला घेऊन धावायला लागला की माझ्या कानाशी काहीतरी पुटपुटायचा. कान नाहीत मला, पण व्रण आहे, तिथून ऐकू येतं. पहिल्यांदा मला कळेना. नंतर कळलं, तो ‘मी’ म्हणण्याची तालीम करत होता. तान्हं मूल पहिला शब्द घोळवतं तसं. “मी. मी काढलं. मी.” बूर मागून “डावा-उजवा” ओरडत असायचा, सात पोरं धापा टाकत असायची, आणि हा माझ्या व्रणात तोंड घालून एवढा एकच शब्द सांडायचा. मागचा पोरगा, कॉर्टेझ नावाचा, एकदा म्हणाला, “गॅडिस, लाकडाशी काय कुजबुजतोस? याच्या पोरीशी लग्न ठरलंय का?” टेरल म्हणाला, “सासरा लाकूड असलेला बरा. बोलत नाही.” सगळी तुकडी हसली आणि मग सगळ्या तुकडीने शिक्षेचे जोर काढले.

शेवटचा दिवस आला. निरोप समारंभ. मला नव्याने रंगवलं, मांडवाच्या पुढे दोन तिकाट्यांवर ठेवलं. खुर्च्या, झेंडे, थंड गोड चहाचे पिंप, मागे डुकराचं मांस भाजत ठेवलेलं. राजधानीतले एक आमदार आले होते, त्यांनी येताक्षणी फाटकावरच्या पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. टीव्हीवाले होते. आणि मिस अर्नेस्टीन होती, पहिल्या रांगेत, जांभळ्या हॅटमध्ये, ओठ मिटून.

सुटकेच्या कागदावर सही करायची होती न्यायाधीश माब्री यांना. त्यांनी सही केली तर पोरगा घरी, नाही केली तर गाडी मागे उभीच होती, चार वर्षांच्या तुरुंगाकडे तोंड करून. माब्री म्हणजे बटाटा जरा कच्चा लागला तरी जेवण परत पाठवणारा म्हातारा. ते नुकतेच कुठल्यातरी व्याख्यानाला जाऊन आले होते, आणि गुन्हेगाराने स्वतःच्या तोंडाने गुन्हा स्वीकारल्याशिवाय सुधारणा होत नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

पहिले सहा जण “सर, हा कैदी शिस्त शिकला, सर!” एवढ्यावर सुटले, कारण तोवर माब्री चष्मा शोधत होते. सातवा टेरल. चष्मा सापडला.

“गॅडिस, ते यंत्र कोणी चोरलं?”

“सर, या कैद्याने, सर!”

“कोणत्या कैद्याने?”

“सर, या, सर!”

माब्रींनी आजूबाजूला पाहिलं. “तुझ्याबरोबर दुसरा कोणी होता का?”

“सर, नाही, सर! हा कैदी एकटाच होता, सर!”

“तो एकटा होता. मग तू कुठे होतास?”

“सर, हा कैदी... या कैद्याबरोबरच होता, सर!”

“म्हणजे दोघे होते!” माब्रींनी टेबलावर हात आपटला. “अजून दुसऱ्यावर ढकलतोस? सरळ बोल, कोणी केलं?”

आता सांगा, या पोराने काय करावं? ‘मी’ म्हणावं तर पाटीप्रमाणे पहिला दिवस. न म्हणावं तर मागे गाडी उभी. एका सरकारने त्याची जीभ कापली आणि दुसरं सरकार म्हणतंय, गा! आणि दोन्ही सरकारं एकाच मांडवात, एकाच पिंपातला चहा पीत बसलेली.

माब्रींनी कागद बाजूला सारला आणि पेनाचं टोपण लावलं. गाडीवाल्याने किल्ली हातात घेतली.

तेव्हा मिस अर्नेस्टीन उभी राहिली. “टेरल,” ती म्हणाली, फार मोठ्याने नाही. “कोण?”

त्याचा एक हात माझ्या डोक्यावर होता.

“मी,” तो म्हणाला. “मी काढलं ते, आजी. मी विकलं. तू पडलीस तेव्हा मी बाहेर रस्त्यावर होतो, मी पाहिलं तुला बाहेर आणताना, आणि मी पळालो.”

आणि तेवढ्यात बूर, ज्याचं डोकं झोपलेलं पण घसा जागा असायचा, बेंबीच्या देठापासून ओरडला, “‘मी’ म्हणतोस? खाली! पन्नास जोर!”

टेरल सवयीने खाली पडला आणि जोर काढायला लागला. टीव्हीवाल्याचा कॅमेरा त्याच्यावरून पाटीकडे, पाटीवरून आमदारांकडे फिरला. आमदार हातातल्या ग्लासात बघायला लागले. आजी बूरपाशी जाऊन उभी राहिली आणि तिने पर्स दोन्ही हातांत घट्ट धरली. बूर एक पाऊल मागे सरला.

माब्री म्हणाले, “हे काय चाललंय? मला हवं होतं तेच तो बोलला!”

प्रुइट साहेब म्हणाले, “पण साहेब, ते बोलायला बंदी आहे. नियमाने याला पहिल्या दिवसापासून...”

“मी सही करतोय.”

“मग पाटीचं काय? आमदार साहेबांचा फोटो आहे पाटीबरोबर!”

खाली टेरल जोर काढतोच आहे. शेवटी प्रुइट साहेबांची नजर माझ्यावर पडली. तुम्हाला सांगतो, माणसाला अक्कल सुचताना मी प्रत्यक्ष पाहिलेली ही एकच वेळ.

“साहेब, गॅडिसचा हात वुड्सच्या डोक्यावर होता. शिबिराच्या नियमाने जो डोक्याकडे असतो तो वुड्सच्या वतीने बोलतो. तो शब्द... वुड्स बोलला.”

“वुड्स कोण?”

“हा.”

माब्रींनी मला चष्म्याच्या वरून पाहिलं, मग चष्म्यातून पाहिलं. पलीकडून भाजक्या मांसाचा वास येत होता. “मग यंत्रही यानेच चोरलं म्हणायचं का?”

“नाही, नाही! यंत्र गॅडिसने. ‘मी’ वुड्सने.”

तुकडीतून कॉर्टेझ हळूच म्हणाला, “सर, हा कैदी साक्षीदार आहे, सर. वुड्स पहिल्यापासूनच तोंडाळ.”

आणि तसंच झालं! कोर्टाच्या कागदावर लिहिलं, गॅडिसने गुन्हा स्वतःच्या तोंडाने कबूल केला. शिबिराच्या कागदावर लिहिलं, कैदी वुड्सने निषिद्ध शब्द उच्चारला, सबब पहिल्या दिवसापासून. एकच शब्द, एकच तोंड, आणि दोन्ही कागदांवर शिक्के. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते असं. फक्त इथे संन्याशाची ना नव्हती. मी तर म्हणतो, असली शिक्षा मी दहादा घेईन.

टेरल उठला. आजीने त्याच्या तळहाताची माती आपल्या रुमालाने पुसली. “चल,” ती म्हणाली. “हे एवढं पाठ झालंय ना? रविवारी चर्चमध्ये सगळ्यांपुढे परत म्हणायचंय. आणि अजून पंखेच आहेत बरं, यंत्र आलेलं नाही. घाम आला तर पुसायचा नाही.”

“हो, मॅडम,” तो म्हणाला, आणि जीभ चावली. ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

शिबिर पुढे काही वर्षं चाललं. मग कोणीतरी हिशेब काढला, तेव्हा कळलं की इथून सुटलेली पोरं आणि साध्या तुरुंगातून सुटलेली पोरं, सारखीच परत आत येतात. जे फीत कापायला आले होते तेच म्हणाले, आम्हाला आधीपासून शंका होती. प्रुइट साहेब निवृत्त झाले आणि भाषणं देतात. बूर एका शाळेच्या फाटकावर पहारेकरी आहे. ओरडतो, पण पोरं हसतात. पाटी कोणीतरी कोंबड्यांच्या खुराड्याला लावली. फाटक गंजलं, मैदानावर वेली चढल्या. बाकी सगळे सुटले, मी राहिलो. माझी शिक्षा पूर्ण झाली असं लिहायला तिथे कोणी उरलंच नव्हतं.

टेरलचं सांगतो. शिबिराने त्याला सुधारलं असं कोणी म्हणू नये. मधे तो एकदा दोन वर्षं आत जाऊन आला. आणि तो सुधारलाच नाही असंही कोणी म्हणू नये. परवा आला होता. रीतसर फाटकातून नाही, कुंपण वाकलंय तिथून. दाढीत पांढरा केस, अंगात कुठल्याशा गोदामाचा शर्ट. माझ्यावरच्या वेली त्याने हाताने ओढून काढल्या. पोटावरचा नंबर पाहिला. मग इकडेतिकडे बघितलं, सवय जात नाही ना, आणि म्हणाला, “वुड्स, मी जरा बसतो.”

आणि बसला. इतक्या खांद्यांवर मी बसलो, माझ्यावर कोणी बसायची ही पहिलीच वेळ. बरं वाटलं. ओझं होणं वेगळं आणि ओझं घेणं वेगळं.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. पलीकडून म्हातारा, चिरका, हुकमी आवाज. फोन आपणच लावायचा आणि आपणच विचारायचं, ही म्हाताऱ्यांची रीतच आहे.

“कोण बोलतंय?”

टेरल हसला. “मी,” तो म्हणाला. “मी आहे, आजी.”

तर माझं एवढंच मागणं आहे. मला सरपणाला न्यायचं असेल तर खुशाल न्या. राळ आहे, पटकन पेटेन, हात शेका. पण कोणाला सुधारायला परत कुठे नेऊन ठेवणार असाल, तर आधी त्या माणसाला त्याच्याच तोंडाने त्याचं नाव घेऊ द्या. आणि हे सांगायचा आगाऊपणा कोणी केला असं कोणी दरडावून विचारलं, तर घाबरू नका. सांगा, वुड्सने. मी म्हटलं. पन्नास जोर माझ्या खात्यावर घाला. हात नाहीत मला, पण वेळ भरपूर आहे.